सहा फुटी तोरण

छंद असावा तर नलूवहिनींसारखा, यार! शहाऐंशी साल असेल. मी अमेरिकेत पिस्कॅटवेला शिकत होतो आणि दर वीकेंडला माझा मित्र सुधीर याच्या घरी पडीक असायचो. नलूवहिनी त्याची बायको. दिवसभर लॅबमधली नोकरी, मग स्वयंपाक, मुलीचा अभ्यास. हात मोकळे व्हायचे ते फक्त गाडीत. म्हणून आम्ही नायगाराला निघालो, तरी मागच्या सीटवर त्यांची क्रोशाची सुई चालूच! पॅटिओच्या दारासाठी लोकरीचं सहा फुटी तोरण.

"अगं, बाहेर बघ जरा! विणकाम घरी बसून कर की," सुधीर चिडवायचा.

"घरी बसायला मिळतं कधी?"

परतताना धो धो पाऊस लागला आणि वायपर बंद पडले. समोरचं काही दिसेना. सुधीरने गाडी कडेला घेतली. "संपलं! तुझं उद्या सकाळचं काम कॅन्सल समज."

वहिनी उतरल्या. तोरण दोन्ही वायपरना बांधलं, टोकांना आणखी लोकर जोडली, एक टोक माझ्या खिडकीतून आत दिलं आणि दुसरं पलीकडच्या, स्वतःच्या खिडकीतून.

"मी ओढलं की तुम्ही सोडायचं, भावजी."

"पुल, मॉम! नाऊ काका!" मुलगी ओरडत होती. असे वायपर ओढत आम्ही उरलेले चाळीस मैल हळूहळू घरी आलो. वहिनी सकाळी आठला लॅबमध्ये हजर!

त्यानंतर कुठेही निघायचं असलं, की सुधीर टायर बघायचा, ऑइल बघायचा आणि घरात ओरडायचा, "नलू, विणकाम घेतलंस ना? त्याशिवाय गाडी काढणार नाही मी!"