नऊ वर्षांचा मी, पण नंबर त्याचा

...आणि वर मलाच म्हणतात, ‘उसनं वाटतंय!’ उसनं? अहो, त्यात बाप गेला होता तो माझा! उसना कुठून आणू?

थांबा, नीट सांगतो. नाट्यशाळेत पहिलं वर्षभर आम्ही जमिनीवर लोळलो, झाड झालो, मांजर झालो... मी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या वर्षी सर, चष्मा कपाळावर चढवून, ‘मला अभिनय नको! मला खरं पाहिजे, खरं!’ परीक्षेत प्रत्येकानं आपल्याच आयुष्यातला प्रसंग उभा करायचा. पालकांसमोर!

आता माझ्याकडे खरं म्हणण्यासारखं एकच. मी नऊ वर्षांचा. बाबांना घरी आणलेलं, आत नुसता आकांत, आणि मला काही केल्या रडूच येईना! काळजी कसली, तर दारातल्या माझ्या नव्या बुटांची. एवढी माणसं आलीत, कोणी उचलले तर? तीन तास बूट राखत बसलो, तुम्हाला सांगतो! ही लाज मी आईलासुद्धा कधी सांगितली नाही. सांगितली कुणाला? लंबूला! नाट्यशाळेतलाच, माझ्याच खोलीत राहायचा. तालीम म्हणून सांगितली. घळाघळा रडला, माझ्या टॉवेलला नाक पुसलं. म्हटलं, काय जिवाभावाचा मित्र!

परीक्षेत लंबूचा नंबर माझ्या आधी. उभा राहिला आणि... ‘मी नऊ वर्षांचा होतो...’ अहो, याचा बाप मागच्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग करतोय! चांगला धडधाकट! पण सगळं सभागृह मुसमुसतंय. सर उठून उभे!

मग मी. दुसरं काही तयारच नव्हतं हो. तेच केलं. बूट म्हटल्याबरोबर लोक फिस्सकन हसले! सर कानाशी येऊन, ‘नक्कल करू नये रे. उसनं वाटतंय.’ आणि म्हणे खरं पाहिजे, खरं!

म्हटलं, निदान आई तरी ओळखेल. बाहेर येऊन बघतो तर तिनं लंबूला पोटाशी धरलेलं! ‘केवढासा जीव, काय सोसलंस रे!’

‘आई, अगं तो मी होतो!’

‘तू गप्प बस. तू त्या दिवशी आत फिरकलासुद्धा नाहीस.’

खरं पाहिजे ना? घ्या खरं! आता दर रविवारी आईचा फोन येतो. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत विचारते, ‘तो जेवला का रे?’

फोन त्याच्याकडे देतो.