नेसवलेली साडी

(डिचोलीच्या बाजारातलं कापडाचं आणि घरसामानाचं दुकान. दारावर ‘पावसाळी सेल – आज शेवटचा दिवस’ असा फलक. सकाळची वेळ. आत थोडी गिऱ्हाइकं.)

देवकी : फलक माका वाचूक येता, प्रमोद. सेलचो माल परत घेणार नाय, असां लिवलंस. पण हो माल तुझो नाय, म्हणून घेवन आयलंय.

प्रमोद : काकी, जरा हळू. गिऱ्हाइकं आहेत. साडी काल तुमच्या सुनेनं, अमृतावहिनींनी स्वतः निवडून नेली. मीच पिशवीत घालून दिली. फाटलीय का कुठे?

देवकी : फाटूक नाय.

प्रमोद : रंग गेला?

देवकी : रंग गेलो आसतो तर सुर्ल्यासून बस धरून कोण आयलां आसतां? दुसरी काढ. असोच मोरपिशी रंग, असोच काठ. घराकडे सांगतंय, हिका भोक होतां, प्रमोदान बदलून दिली.

प्रमोद : म्हणजे माझ्या मालाला भोकं असतात, हे गावभर.

देवकी : तुझ्या बऱ्याचां सांगतंय. खरां सांगलां तर तुका जड जातलां.

प्रमोद : तसं काय झालंय ते तरी कळू दे. – होय ताई, लेंसुलं, डबलच्या चादरी, वरच्या फळीवर, उशांचे अभ्रे खाली टोपलीत. कुकरचा तोच भाव, खाली नाही येणार. – काकी, उद्या या ना. आज मला श्वास घ्यायला सवड नाही.

देवकी : फाल्यां येवन काय करू? आज अमृता माझ्या देवेशावांगडा म्हापशाक हॉस्पिटलात दाखवूक जाता. हीच साडी नेसून जातंय म्हणा होती. ती न्हाणयेत गेली तशी मियां आल्मारातसून काढली आणि भायर पडलंय. ती घरासून भायर पडच्या आधी दुसरी थंय ठेवची होती, तां काय झालां नाय. आता ती परत येवच्या आधी तरी ठेवची आसा.

प्रमोद : सुनेची नवी साडी चोरून परत करायला आलात? काकी, तुमच्यासारख्या बाईनं?

देवकी : पदर सोड. शेवटचो गोंडो बघ.

प्रमोद : बघितला. छान वळलाय.

देवकी : मियां वळलो. खाणी बंद होवन देवेशाचो ट्रक उभो रवल्यापासून गावातल्या बायकांच्या पदराचे गोंडे वळून मी घर चालयतंय, माझो हात मी वळखतंय. बाकीचे सगळे मोरपिशी, ह्यो एकटो हिरवो. दिसता?

प्रमोद : दिसतोय.

देवकी : आता हय बघ, निऱ्यांच्या जाग्यार. उजवाडाक धर. हळदीचो डाग. धुतलंस तू, पण गेलो नाय. ही साडी मियां तुझ्याच दुकानातसून घेतली, गेल्या वर्सा, पुरो भाव देवन. तुझो बापूस गोकुळदास गल्ल्यार बसा होतो. इचार तेका.

प्रमोद : बाबांना काय विचारायचं, काकी. ते आता मला ओळखत नाहीत.

देवकी : ठावक आसा. तो उभो आसतो तर ह्यां झालांच नसतां. सातेरी देवीक नेसवची आसा, असां मियां सांगलां तेव्हा तेणां खण आपल्या हातान काढून दिलो. तेव्हाच एका शुक्रवारी गाऱ्हाणां घालून ही देवीक नेसवली. आणि काल माझी सून तुझ्या सेलच्या पिशयेतसून ती घराक घेवन आयली. आता तू सांग. देवीच्या आंगावरची साडी तुझ्या ढिगाऱ्यात कशी पडली?

प्रमोद : मागच्या खोलीत चला. आत बोलू.

देवकी : माका हयच बरां.

प्रमोद : पावणीत घेतली. देवळात लिलाव होतो, नेसवलेल्या साड्यांचा, तुम्हाला माहीत आहे. चोरी नाही केली मी.

देवकी : पावणीत मनीस एक साडी घेता. प्रसाद म्हणून. डोक्याक लावून घराक नेता.

प्रमोद : कोण घेतं आता? खाणी चालू होत्या तेव्हा एकेका साडीसाठी बायका बोली वाढवत जायच्या. ह्या खेपेला गठ्ठे तसेच पडून होते. कमिटीवाले म्हणाले, प्रमोद, तू व्यापारी माणूस, सगळंच उचल. उचललं. एक साडी घरी देव्हाऱ्यात ठेवली, बाकीच्या धुतल्या, इस्त्री केली आणि घातल्या सेलमध्ये. तुमच्या देवेशचा ट्रक अंगणात उभा आहे ना, तसंच हे दुकान बाजारात उभं आहे. पगार थांबल्यावर लोक आधी कापड घ्यायचं सोडतात, काकी. मला वाटलं, कुणाला काय कळतंय.

देवकी : माका कळलां.

प्रमोद : बरं, कळलं. पण त्यात वाईट काय झालं? देवीची साडी फिरून तुमच्याच घरी आली. चांगलंच म्हणायचं.

देवकी : चांगलां? लग्नाक इतकी वर्सां जाली, पोर नाय. म्हणून मियां गाऱ्हाणां घातलां. अमृताच्या लग्नातल्या हिरव्या साडयेचो एक दोरो काढलो, तिका नकळत, आणि ह्या गोंड्यात घातलो. कोणासाठी मागतंय तां देवीक समजूक नको? देवीन आयकलां. तिसरो म्हयनो चलता. आणि आता दिलेली वस्त परत माझ्या दारात. तिणां माझां परत केलां, म्हणजे आपलां परत नेतली. इतक्याय समजना तुका?

प्रमोद : असं नसतं हो.

देवकी : कसां आसता तां तुका ठावक? काल सांजेपासून माझ्या गळ्यातसून शीत उतरूक नाय. तिका ह्यां कळता नये. कळलां तर ती आणखी भियेतली, आणि अशा दिसांत भिऊचां नसता. म्हणून दुसरी काढ. ही मी देवळात परत नेवन दितंय.

प्रमोद : ही बघा. रंगाला जवळ आहे.

देवकी : काठ बारीक.

प्रमोद : लांबून नाही कळत.

देवकी : नेसता ती लांबसून बघता काय?

प्रमोद : मग ही घ्या, ही सेलमधली नाही. नव्या मालातली आहे, चवथीसाठी आणलेली. फरक मागत नाही मी. फक्त बाहेर कुठे बोलू नका. चवथीच्या तोंडावर हे पसरलं तर पुढच्या सेलला विकायला दुकानच उरणार नाही.

देवकी : तशो आणखी कितक्यो आसत त्या ढिगाऱ्यात?

प्रमोद : आहेत थोड्या.

देवकी : त्यो आधी काढ.

प्रमोद : काकी, लोकांच्या हातात आहेत त्या आत्ता. ओढून कशा घेऊ?

देवकी : तर मी पायरेर उभी रवतंय. येता तिका सांगतंय, बघून घे गो बाये, कोणाचो नवस आंगार घालतंस तां.

प्रमोद : थांबा. काकी, मागे बघू नका. अमृतावहिनी आल्यात.

देवकी : खंय?

प्रमोद : दारात. चप्पल काढतायत.

देवकी : ती साडी खाली घाल. गल्ल्याखाली. बेगीन.

अमृता : राहू दे, आत्याबाई. लपवू नका. दारातनंच बघितली मी.

देवकी : तू हय कशी? बस चुकतली तुझी. देवेश खंय?

अमृता : स्टँडवर थांबलेत. कपाट उघडलं तर साडी नाही, घरात तुम्ही नाही. शेजारच्या पद्मावतीकाकी म्हणाल्या, सासू तुझी पिशवी घेऊन डिचोलीच्या बसला चढली. काय करालाय इथं?

देवकी : हिका भोक होतां. प्रमोद बदलून दिता. सांग रे तिका.

प्रमोद : हो वहिनी. पदराजवळ. माझ्याच नजरेतून सुटलं.

अमृता : कुठं? दाखवा की.

प्रमोद : म्हणजे... बारीकच आहे तसं.

अमृता : भोकबिक काही नाही तिला. काल इथंच उजेडात धरून बघितलीय मी. हळदीचा डाग बघितला. गोंडाबी बघितला.

देवकी : कसलो गोंडो?

अमृता : हिरवा. माझ्या लग्नातल्या साडीचा दोरा काढलात, काठापाशी रेघ पडलीय. मला दिसायची नाही असं वाटलं व्हय? मग त्या शुक्रवारी ताट घेऊन कुठं गेलात, काय मागितलात, ते काय सांगायला पाहिजे होतं? तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीबी बोलले नाही.

देवकी : तुका ठावक होतां? आणि ठावक आसून ही घेतलंस?

अमृता : ठावक होतं म्हणूनच घेतली. मी त्या चादरींपाशी उभी होते. दोघी बायका एका साडीची दोन टोकं धरून ओढालत्या. पदर पसरला आणि हिरवा गोंडा दिसला. मला काही सुधरंना. गेले आणि दोघींच्या हातातनं काढून घेतली. विचारा ह्यांना.

प्रमोद : हो, जरा वादावादी झाली. सेल म्हटलं की होतंच, म्हणून मी लक्ष नाही दिलं.

देवकी : देवीक दिलेलां परत हाडूचां नसता गो. तुमच्या बेळगावाकडे असां करतत काय?

अमृता : आमच्याकडं काय करतात ते त्या वेळी आठवलंबी नाही. दुसऱ्या कुणी नेलेली मला बघवली नसती, एवढंच.

देवकी : मगे कोणाक तरी धाडूचां होतां, परत देवळात दिवची होती. आंगार घालूक भायर काढलंस. पुजारी ओंजळीत घालता तो प्रसाद. हो दाम मोजून घेतलेलो माल.

अमृता : पावणीत तर दामच मोजतात की, आत्याबाई.

देवकी : माका शिकव नको. मी भियेलंय. ही साडी घराक येवची नाय, सांगून ठेवतंय.

अमृता : भ्याले तर मीबी आहे.

देवकी : तू कित्याक भियेतलंस? तुका काय जालां?

अमृता : काल मी चादरी बघायला आले नव्हते डिचोलीत. डॉक्टरीणबाईंकडं आले होते. परवा डाग दिसला.

देवकी : कसलो डाग?

अमृता : हळदीचा नव्हे.

प्रमोद : मी... मी बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे बघतो.

अमृता : असू दे, भाऊ. आता ऐकलंतच की.

देवकी : आणि माका सांगूक नाय?

अमृता : ह्यांना सांगितलंय. तुम्हाला सांगू नका म्हणून मीच बोलले. तुम्ही जेवण सोडलं असतंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मशीनवर बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हापशाला जा. ठोका चाललाय का नाही तेच बघायचंय आज. त्यांच्या दवाखान्यातनं बाहेर पडले आणि घरी जाववंना. इथं सेलची गर्दी होती, म्हटलं गर्दीत उभं राहिलं तर कुणी विचारणार नाही. म्हणून आत आले. तर ही दिसली.

देवकी : डाग परवा दिसलो.

अमृता : होय.

देवकी : म्हणजे साडी घराक येवच्या आधी.

अमृता : आधीच. साडी काल आली.

देवकी : देवा गे. आणि मी कालपासून ह्या कापडाक गाळी घालतंय.

अमृता : कापडानं काय होतंय का नाही होत, ते मला कळत नाही. आज त्या खोलीत मला एकटीला घेणार, ह्यांना बाहेर बसवणार. तिथं पडून त्या बाईच्या तोंडाकडं बघायचं, ती काय बोलतीय म्हणून. माझ्याच्यानं नाही होणार ते. ही अंगावर असू दे म्हटलं. माझ्यासाठी मागताना तुम्ही हिच्यात माझा दोरा घातलात. माझ्यासाठी कुणी असं काही केलेलं मला आठवत नाही, आत्याबाई. आत काय दिसायचं ते दिसू दे. ही नेसून ऐकते मी.

प्रमोद : काकी, म्हापशाची बस लागली असेल आता.

देवकी : प्रमोद, मागची खोली म्हणा होतंस ती खंय?

प्रमोद : ही, पडद्याच्या मागे. आरसा आहे, दिवा लावतो. वहिनी, कालचे पैसे मी परत देतो. घ्या.

अमृता : नको. दिलेले राहू दे. परत काही नको आज.

प्रमोद : बरं. त्या बाकीच्या साड्या मी ढिगाऱ्यातून काढतो, काकी. हातातल्या काढून घ्यायला लागल्या तरी काढतो. त्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

देवकी : शुक्रवारी देवळात घेवन ये. मी आसतलंय. आता ती बस थांबय जा.

प्रमोद : मी? दुकान...

देवकी : दुकान खंय पळता? देवेशाक सांग, डायवराक धरून ठेव, दोघी येतत म्हणून.

प्रमोद : जातो. – ताई, तुम्ही ती लेंसुलं बघत बसा, मी आलोच.

अमृता : दोघी म्हणजे? तुम्हीबी येणार?

देवकी : येतंय. भायर बाकड्यार बसतंय. आत घेवक नाय तर नाय.

अमृता : राहू दे, आत्याबाई. द्या, मी नेसते.

देवकी : गप रव. पदर माझ्याकडे दी, हिरवो गोंडो फुडे येऊ दी. आणि निऱ्यो सैल घाल, बाये. पोटाक ताण नको.