काकांच्या फोनवरचा कोड

तुम्ही पासवर्डचं काय घेऊन बसलात, आमच्या काकांचं ऐका. मी रसायनीतल्या एका छोट्या केमिकल कंपनीत कॉम्प्युटरचं बघते. आमच्या सगळ्या फाइल क्लाउडवर असतात. स्टोअरचे काका गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खालापूरला घरूनच काम करतात. त्यांनी लॉगिन केलं की त्यांच्या फोनवर कोड येतो. तो कुणालाही सांगायचा नाही, हे मी त्यांना बजावून बजावून थकले होते.

गेल्या सोमवारी सकाळी कंपनीत एकही फाइल उघडेना. काकांच्या नावानं कुणीतरी आत शिरून सगळं कुलूपबंद केलं होतं. गेटवर तीन टँकर उभे, आणि कशात काय भरायचं ते कुणालाच सांगता येईना. मी फोन लावला.

"काका, कोड कुणाला दिलात?"

"तुज्याच कॉम्प्युटर खात्यातल्या माणसाला."

"अहो, त्या खात्यात मी एकटीच आहे!"

"आता ते मला काय ठाव गं?"

शुक्रवारी वेगळी काढून ठेवलेली फाइलींची कॉपी शोधून काम सुरू करेपर्यंत संध्याकाळ झाली. मालकांची बोलणी मीच खाल्ली. घरी जाताना तशीच तणतणत काकांच्या दारात गेले.

"इतकं सांगूनही अनोळखी माणसाला कोड दिलातच कसा?"

काकांनी शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"त्यानं आदी इचारलं, काका, जेवलात का, तब्येत कशी हाय. तू कवा इचारलंस गं?"