बाबांचं पाणी आणि अकरा मासे

नाही, मासे मरतात ते मला मान्य आहे, मासाच तो, जन्मभर थोडाच पुरणार, पण मरायलाही काही पद्धत असते की नाही, म्हातारा व्हावा, दोन दिवस खाऊ नये, मग एका बाजूला कलंडावं… आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे मासे रविवारी मरायचे. म्हणजे रविवारी दुपारी सुरुवात आणि सोमवारी सकाळी पोट वर. मंगळवारी घरात दुखवटा, बुधवारपासून चौकशी की कुणामुळे मेला, आणि शनिवारी सगळ्यांचं एकमत की माझ्यामुळे. का, तर मी घरात असतो. कॉलेज सोडून घरी बसलेला मुलगा असला की एक सोय होते, तुम्हाला सांगतो, कुठल्याही गोष्टीचा खुनी शोधायला उंबरठा ओलांडावा लागत नाही.

आता रविवारीच का मरायचे, असं विचाराल तुम्ही. विचाराच. आमच्या घरात दीड महिना कुणी विचारलं नाही.

रविवारी बाबा तळं धुतात. तळं म्हणजे काय, तर घरामागे कपडे वाळत घालायच्या तारेखाली सिमेंटचा एक हौद, डबल पलंगाएवढा, कमरेइतका खोल, कडेला दगड चिकटवलेले. त्याला हौद म्हटलं की बाबा चिडतात. निवृत्त झाल्यावर माणसाला एकतर बागकाम सुचतं नाहीतर गुडघेदुखी, बाबांना कोई नावाचे जपानी मासे सुचले. पांढरे, केशरी, काळ्या ठिपक्यांचे, हातभर लांब, अकरा. त्यातला सगळ्यात मोठा पांढरा, डोक्यावर लाल डाग असलेला, तो साहेब. साहेब बाबांच्या हातून खायचा. बाबा सकाळी उकिडवे बसून त्याच्याशी बोलायचे, 'काय साहेब, झोप झाली का, आज जरा उशीर झाला हं साहेब,' इतक्या मऊ आवाजात, की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मागे दुसरंच कुणीतरी आलंय. बावीस वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या वाट्याला यायचा तो दुसरा, 'उठला का तो? की आजही सुट्टी?'

तर हे बाबा पाणी खात्यात होते. शहराचं पाणी जिथे शुद्ध होतं तिथे तीस वर्षं त्यांनी पाण्यात क्लोरीन सोडलं. तीस वर्षं एकच काम केल्यावर सरकार माणसाला निवृत्त करतं, पण ते काम काही माणसाच्या अंगातून निवृत्त होत नाही. रविवार उजाडला की बाबा अर्ध्या चड्डीत, हातात ब्रश. अर्धं पाणी उपसायचं, भिंतींवरची हिरवळ खरवडायची, फिल्टरमधले चार स्पंज काढून नळाखाली धरायचे आणि पिळायचे, पिळायचे, त्यातून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत पिळायचे, वर ब्लीचिंगची चिमूट, आणि मग ते पांढरेशुभ्र स्पंज आईला दाखवायचे, 'बघ, नवीन वाटतात की नाही?' मग नळ पूर्ण सोडून हौद भरायचा, थेट, अकरा माशांच्या डोक्यावर.

पहिला मेला तेव्हा मोठे काका आले होते. हे बाबांचे थोरले भाऊ, यांचं फरश्यांचं दुकान आहे, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर यांचं मत तयार असतं, पॅक केलेलं, नुसतं उचलून द्यायचं. बाकीचे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, भिंतीला अंग घासत होते, पंखांच्या कडा फाटल्यासारख्या झालेल्या. काकांनी खुर्चीतूनच बघितलं आणि म्हणाले, 'ॲसिडिटी.' काकांना स्वतःला वीस वर्षं ॲसिडिटी आहे. आई म्हणाली, 'अशक्त झालेत बिचारे, खाणं वाढवा.' आईच्या मते मीही अशक्तपणामुळेच नापास झालो. आणि बाबा म्हणाले, 'घाण. घाण झाल्याशिवाय आजार होत नाही.' म्हणून त्या आठवड्यापासून धुणं रविवारी आणि बुधवारी.

मग मासे गुरुवारीही मरायला लागले.

तरीही कुणाला वार जुळेनात. मला जुळले, पण मी कोण? मी आपलं म्हटलं, 'बाबा, नळाच्या पाण्याचं तर काही नसेल?' बाबांनी ब्रश खाली ठेवला. सावकाश ठेवला. 'तीस वर्षं हे पाणी मी अख्ख्या शहराला पाजलंय. एक माणूस मेला?'

आता शहराला कल्ले नाहीत हे मी बोलणार होतो, पण काका समोर होते आणि ते आधीच मान डोलवत होते.

जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला मी. तो म्हणाला, 'वजन किती?' म्हटलं, 'दोनेक किलो.' 'आणि आता जिवंत आहे?' म्हटलं, 'हो.' तो म्हणाला, 'मग आजच करा, उद्यापर्यंत चव जाते.' आणि हसला, आणि फोन ठेवला.

चौथा, पाचवा, सहावा… आई ते कुंड्यांमधे पुरायची. दर कुंडीत एक. तुम्हाला सांगतो, गुलाब असा तरारला, असा तरारला की शेजारच्या बाई फांदी मागायला आल्या. बाबा त्यांना सांगतात, 'काही खत नाही हो, नुसतं पाणी. पाण्यात दम आहे.' त्या बाई ज्या कुंडीला हात लावून उभ्या, तिच्यात बाबांनी पाळलेला सहावा मासा डोकं खाली करून उभा. पण बाबांचं चालूच, 'तीस वर्षं पाजलंय मी हे पाणी…'

शेवटी मी ज्याच्याकडून मासे आणले त्या दुकानात गेलो. दुकानदार कळकट बनियनमधे बसलेला, टाक्या हिरव्या, काचा बुळबुळीत, आणि मासे कसे, तर ठणठणीत. मी सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. 'स्पंज धुतो? नळाखाली? अरे, त्या काळ्या घाणीतच जंतू असतात, माशाने केलेली घाण तेच खातात. ते मारले की माशाला आपल्याच मुतात राहावं लागतं. आणि वरून क्लोरीनचं पाणी? कल्ले जळतात रे त्याने. पिंपात भरून दोन दिवस उन्हात उघडं ठेव, क्लोरीन उडून जातं, मग घाल. कोण धुतं हे?' म्हटलं, 'वडील.' तो म्हणाला, 'काय करतात?' म्हटलं, 'पाणी खात्यात होते.' त्याने बनियनला हात पुसले. मग म्हणाला, 'मग अवघड आहे.'

घरी येऊन मी सांगितलं. सगळं, क्रमाने, शांतपणे. बाबांनी ऐकून घेतलं, ते एक नवल. मग काकांकडे बघून म्हणाले, 'रसायनशास्त्रात दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस मला क्लोरीन शिकवतोय.' काका हसले. काका हसले की त्यांचं पोट आधी हसतं. 'आणि जंतू? जंतू सांभाळायचे म्हणतो, घरात. तीस वर्षं मी जंतू मारले…' 'एक माणूस मेला?' हे मीच पूर्ण केलं. ते मात्र त्यांना आवडलं नाही.

तोपर्यंत उरले होते दोन. साहेब, आणि बटाटा म्हणून एक आखूड, पिवळट, ज्याच्याकडे कुणी कधी बघायचं नाही. भांडण वाढलं, आणि काकांनी तोडगा काढला, कारण काकांना तोडगे काढायला आवडतात, ते दुसऱ्याच्या जिवावर असले की विशेष. 'दोन टब घ्या. एकात नळाचं पाणी, एकात याचं पिंपातलं. एकेक मासा सोडा. नळातला जगला तर हा सोमवारपासून माझ्या दुकानात, फरश्या उचलायला, कुरकूर नाही. मेला तर याचं खरं. मग तळं याच्या ताब्यात, तू ब्रशला हात लावायचा नाहीस, आणि एक वर्ष याला कुणी काही विचारायचं नाही.'

एक वर्ष. कुणी काही विचारायचं नाही. तुम्ही कधी कॉलेज सोडून घरी बसला असाल तर तुम्हाला कळेल हे केवढं आहे. मी त्या क्षणी हो म्हटलं.

पिंप मी दोन दिवस आधीच भरून ठेवलं होतं. रविवारी सकाळी दहा वाजता, आईचे कपडे भिजवायचे दोन निळे टब, एकात नळाचं, एकात पिंपातलं, दोन्ही सारखेच भरलेले, दोन्हींत हवेच्या पंपाची एकेक नळी. मी म्हटलं, 'नळाच्या टबात बटाटा घालू.' मला तेवढी लाज होती अजून. बाबा म्हणाले, 'साहेब. माझ्या पाण्यात साहेबच.' आणि स्वतःच्या हाताने, दोन्ही हातांवर घेऊन, त्यांनी तो सोडला. आंघोळ घालायला मूल टबात ठेवतात तसा.

आम्ही खुर्च्या टाकल्या. चहा आला. साहेबाने पहिल्या पाच मिनिटांत अशा उसळ्या मारल्या की काकांच्या बशीत पाणी उडालं. काका म्हणाले, 'बघ, ताजं पाणी लागल्यावर कसा खेळतोय.' कल्ले जळत होते हो त्याचे. मग तो वर आला. तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय. आई म्हणाली, 'अहो, तो सारखा वर येतोय.' बाबा म्हणाले, 'मला बघायला येतोय.' आणि वाकून, त्या मऊ आवाजात, 'काय साहेब, काय हवंय?'

शेजारचा टब दोन पावलांवर होता. उठायचं, हात घालायचा, उचलून तिकडे सोडायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी घड्याळ बघत होतो. मनात म्हणत होतो, मर. लवकर मर. मी आयुष्यात परीक्षेचा निकालसुद्धा इतक्या मनापासून मागितला नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता, माशाला ते डोळे असे दोन बाजूंना, तो कुणाकडेच बघत नसतो, पण मी तरी खुर्ची जरा फिरवून बसलो.

पावणेएकला कलंडला.

बाबांनी बाहीसुद्धा वर न करता कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि त्याला सरळ केलं. सोडलं की तो परत आडवा. परत सरळ केलं. परत आडवा. असं चार-पाच वेळा. मी जिंकलो होतो. दीड महिन्यात पहिल्यांदा, नाही, बावीस वर्षांत पहिल्यांदा बाबांसमोर मी बरोबर ठरलो होतो, साक्षीदारांसह, आणि मी वाट बघत होतो की कुणीतरी तसं म्हणेल.

बाबा उठले. ओली बाही पिळली. 'पिंपात पाणी कुठलं भरलं होतंस?'

म्हटलं, 'नळाचंच. दोन दिवस…'

'नळाचंच,' बाबा काकांना म्हणाले. 'म्हणजे दोन्ही टबांत माझंच पाणी. एक मेला, एक जगला. दोष पाण्याचा असता तर दोन्ही मेले असते.' काका म्हणाले, 'बरोबर आहे.' आई म्हणाली, 'साहेबाचं वयही झालं होतं.' म्हटलं, 'अहो, पण ते दोन दिवस उन्हात ठेवलेलं…' तर बाबा माझ्याकडे बघतच राहिले. 'दोन दिवसांचं? शिळं? घरात ताजं पाणी असताना त्या मुक्या जिवाला शिळं पाणी पाजलंस तू?'

तुम्ही असतात तर काय बोलला असतात?

पैज रद्द, असं काका म्हणाले, कारण दोन्ही पाणी एकच निघालं, आणि पैज रद्द झाली म्हणजे मी सोमवारी दुकानात, ते कसं ते मला अजून कळलेलं नाही. सगळे आत जेवायला गेले. बाबा सर्वांत शेवटी, साहेबाला टॉवेलात गुंडाळून, रिकामी कुंडी शोधत.

मी तिथेच बसलो होतो. बटाटा टबात मजेत फिरत होता, धडधाकट. तेवढ्यात आई परत आली, पदर खोचून. आमच्या घरात कुणाचा जीव कळवळतो तर आईचाच. म्हणाली, 'एकटाच राहिला रे हा, आणि तोही शिळ्या पाण्यात.' तिने बटाट्याला बादलीत काढला, टब वाकडा करून सगळं पाणी मोरीत ओतलं, टब स्वच्छ विसळला, नळाखाली सरकवला आणि नळ पूर्ण सोडला.

मी तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. पण मग म्हटलं, जाऊ दे. आज एकदा बरोबर ठरलो होतो, त्यातूनच फरश्या निघाल्या. मी हात धुतले आणि जेवायला गेलो.