एस्कलांटेंचे निळे दार

मी, श्रीमती लोर्ना टीसडेल, वय ६६ वर्षे, धंदा: निवृत्त शाळाबसचालक, राहणार सॉल्टबुश लेन, युमा, ॲरिझोना. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझ्या शेजारी श्री. रुबेन एस्कलांटे व त्यांच्या पत्नी ओफेलिया राहतात. आमच्या गल्लीतील गॅरेजची पत्र्याची दारे पश्चिमेला आहेत. उन्हाने रंग भुकटीसारखा हाताला लागू लागला, म्हणून वसंतात गल्लीचा नियम करून सगळ्या दारांना एकच फिकट बदामी रंग दिला. फिकट रंगाने पत्रा कमी तापतो. आग्रह माझाच होता. एस्कलांटेंनीही आपले निळे दार बदामी केले.

नंतर ओफेलिया दिसेनाशा झाल्या. कधीही विचारले तरी रुबेन "झोपलीये" एवढेच सांगत. घराला त्यांनी बाहेरून कडी बसवलेली मी पाहिली.

काल भर दुपारी ते गॅरेजचे दार पुन्हा गडद निळे रंगवत होते. मी म्हणाले, "या उन्हात? फोड येतील रंगाला. पत्रा वाकेल."

"वाकू दे."

"ओफेलिया कुठेय?"

"लोर्ना, तुम्ही घरी जा."

तेवढ्यात घराच्या दारावर आतून थापा ऐकू आल्या. मी घरी जाऊन आपल्या पोलीस ठाण्याला फोन केला.

अंमलदारांनी कडी काढायला लावली. ओफेलिया नीट कपड्यांत, केस विंचरलेल्या अशा बाहेर आल्या. मला त्यांनी ओळखले नाही. रुबेन अंमलदारांना म्हणाले, "तिला हल्ली आठवत नाही. निळं दार म्हणजे घर, एवढं राहिलं होतं. बदामी केलं आणि फिरायला गेलेली परतलीच नाही. कालव्यापाशी सापडली, अनवाणी, तळवे भाजलेले. तेव्हापासून कडी." माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

ओफेलिया रस्त्याने चालू लागल्या. अंमलदार मागे निघाले, तर रुबेन म्हणाले, "थांबा जरा." त्या गल्लीच्या टोकाला जाऊन वळल्या. एकेका दारापुढे थांबत, माझ्याही दारापुढे थांबून, पुढे आल्या. निळ्या दाराला त्यांनी तळहात लावला.

"रुबेन, ओलं आहे की रे," असे म्हणून त्या हात पुसू लागल्या.

कडी मी पाहिली हे खरे आहे. माझी तक्रार नाही. रंग गल्लीच्या नियमात बसत नाही म्हणून कोणी आल्यास त्यांना माझ्याकडे पाठवावे.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे.