अक्कांच्या दाराची कडी

आमचा बंड्या उघडं दार दिसलं की पळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिंदखेड्याला भाचीच्या लग्नाला दोन दिवस जायचं, तर या कुत्र्याला ठेवायचं कुणाकडे? गल्लीतली तीन घरं मी नुसत्या कड्या बघून बाद केली. शेवटी समोरच्या अक्कांकडे ठेवला. त्यांचीही कडी चारदा ओढून बघितली.

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. वाटेत सोनगीरहून अक्कांना फोन केला, नरडाण्याहून पुन्हा केला.

“अक्का, दार लावलंय ना?”

अक्का शांतपणे म्हणाल्या, “मन्हं लायेल शे, भाऊ. तुन्हंच सताड उघडं शे. बंड्याले तठे राखणले बसाडेल शे.”