मुरलीधर सरांनी मला न सांगितलेल्या दोन गोष्टी

सुमनवहिनी, निलेश, मुख्याध्यापक सर, गावकरी मंडळी आणि माझ्या मुलांनो. मुलांनो म्हणतोय खरा, पण तुमच्यातल्या काहींचे केस पिकलेत ते मला इथून दिसतंय. द्राक्षांची काढणी ऐन भरात आहे, तरी तुम्ही कामं टाकून मुरलीच्या शोकसभेला आलात. सायखेड्याच्या या शाळेचं पटांगण भरलंय. मुरलीनं बघितलं असतं तर म्हणाला असता, "कवी, माझ्या तासाला एवढी हजेरी कधी नव्हती रे."

मला बोलता येतं अशी माझी ख्याती आहे. कवितेचा तास संपल्याची घंटा मला कधी ऐकूच आली नाही. आज मात्र मला बोलणं जड जातंय. आणि त्याचं कारण नुसतं दुःख नाही, मंडळी. मला राग आलाय. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, मला कळतं. पण मी रागावलोय, आणि ते लपवून इथे गोड बोललो तर तो आणखी एक खोटेपणा होईल.

व्हरांड्यातला तो फळा तुम्हाला सगळ्यांना आठवतो. मधोमध खडूची रेघ. डावी बाजू विज्ञानाची, उजवी मराठीची. डावीकडे मुरली आकाशातलं चित्र चिकटवायचा. आधी रविवारच्या पुरवणीतून कापलेलं, पुढे नाशकात कॅनडा कॉर्नरच्या सायबर कॅफेतून काढून आणलेलं. उजवीकडे मी त्याच्यावर ओळी लिहायच्या. गुरूच्या चंद्रावरचं भेगाळलेलं बर्फ आलं, मी लिहिलं. मंगळावर फिरणारी ती चाकांची गाडी आली, मी लिहिलं. निवृत्त झालो तरी शाळेनं फळा आमच्याकडेच ठेवला. दर सोमवारी सकाळी आम्ही दोघं म्हातारे हजर.

आणि एकदा ते खांब आले. अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेले, वायूचे आणि धुळीचे प्रचंड खांब, ज्यांच्या पोटात नवे तारे तयार होतात. मागे हिरवंनिळं आभाळ. काय सांगू तुम्हाला! लहानपणी बालभारतीचं नवं कोरं पुस्तक उघडल्यावर वास यायचा ना, तसं मला झालं. मी लिहिलं,

हिरव्या आभाळी उभे धुळीचे उंच तीन हे खांब,
तारा म्हणतो ताऱ्याला, मी जन्मा येतो, थांब!

तुम्ही ते पाठ केलंत. स्नेहसंमेलनात म्हटलंत. हिरवं आभाळ, हिरवं आभाळ! कितीतरी वर्षं. आणि मुरली शेजारी उभा राहून टाळ्या वाजवायचा.

मग गेल्या उन्हाळ्यात नाशिकला एक व्याख्यान झालं. पुण्याहून एक तरुण संशोधक आला होता. आम्ही दोघं एसटीनं गेलो. पडद्यावर तेच खांब आले. प्रश्नांची वेळ झाली तेव्हा मी उठलो. प्रश्न कसला, मला माझ्या ओळी म्हणायच्या होत्या. म्हटल्या. सभागृहात टाळ्या पडल्या. तो मुलगा हसला, फार सभ्यपणे, आणि म्हणाला, "छान आहे, आजोबा. फक्त ते आभाळ हिरवं नाहीये."

मग त्यानं समजावलं. ती दुर्बीण काळेपांढरे फोटो घेते, वेगवेगळ्या काचांमधून. एका काचेतून गंधकाचा उजेड, दुसरीतून हायड्रोजनचा, तिसरीतून ऑक्सिजनचा. मग इथे जमिनीवर बसलेली माणसं रंग ठरवतात. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. कुठे काय आहे ते ओळखता यावं म्हणून. "डोळ्यांना तो हायड्रोजन तांबूस दिसेल, आजोबा."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. मी मुरलीकडे पाहिलं. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

परतीच्या एसटीत मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चित्र आणलं तेव्हापासूनच. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तू ओळी लिहिल्यावर ते मी कापून टाकलं."

"कापलंस?"

"तुझ्या ओळी सुंदर झाल्या होत्या रे."

ऐकलंत? माझ्या ओळी सुंदर झाल्या होत्या म्हणून. पोरांनी विचारलं, "सर, ढगाला बुड हाय का वो?" तर त्या प्रश्नालाही जो माणूस खरं उत्तर देईपर्यंत जेवायचा नाही, त्यानं मला मात्र हिरव्या आभाळात सोडून दिलं. त्यानं मला सांगितलं असतं तर मी तांबूस आभाळावर लिहिलं असतं. तांबूस काय कमी सुंदर आहे? चारी बाजूंना पहाट पसरलीय आणि मध्ये खांब उभे आहेत! मला त्याहून चांगलं लिहिता आलं असतं. ती संधीच त्यानं मला दिली नाही.

नाशिक मागे पडलं तरी मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. पुढे दिवाळीपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. आणि ते मला आजही बरोबरच वाटतं.

दिवाळीत तो आला. चकलीचा डबा घेऊन. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "कवी, चुकलो. यापुढे तुझ्यापासून काही लपवणार नाही." मी म्हटलं, "शब्द?" तो म्हणाला, "शब्द." मंडळी, शब्द देणं-घेणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. मी तो घेतला.

जानेवारीत तो नाशिकला दवाखान्यात होता. मी पेपर घेऊन गेलो. शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर यान उतरलं होतं, तिथला पहिला फोटो आला होता. नारिंगी धुकं, आणि जमिनीवर गोल गोल गोटे, आपल्या गोदेच्या पात्रात असतात तसे. मी पेपर पुढे धरला आणि सरळ विचारलं, "रंग खरा आहे का रे?"

त्यानं चष्मा लावला. नीट बघितलं. म्हणाला, "भरलेला आहे, पण मोजून भरलेला आहे. तिथे उभा राहिलास तर साधारण असाच दिसेल. आणि ते दगड नव्हेत. बर्फ आहे, दगडासारखा कडक. गोल झालेत म्हणजे त्यांच्यावरून कधीतरी काहीतरी वाहिलंय. पाणी नाही, मिथेन. बघ, सगळं सांगितलं. खूश?"

मी खूश होतो. मला रडू आलं, इतका खूश होतो.

मग विचारलं, "आणि तुझं काय म्हणतात डॉक्टर?"

पोटावर हात ठेवून हसला. "माझ्याही पोटात तसलेच खडे आहेत, कवी. पित्ताशयात. काढले की आठ दिवसांत फळ्यावर हजर."

खडे नव्हते, मंडळी. यकृतात गाठ होती. हे मला त्याची चिता पेटल्यावर घाटावर कळलं. निलेश म्हणाला, "काका, दिवाळीच्या आधीच कळलं होतं आम्हाला. अप्पांनी बजावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून." दिवाळीच्या आधी! म्हणजे माझ्या ओट्यावर बसून त्यानं मला शब्द दिला तेव्हा त्याला माहीत होतं.

आणि तुम्हाला माहीत होतं. मुख्याध्यापक सर, तुम्हाला. जोशीबाई, तुम्हाला. दवाखान्यातून आल्यावरच्या सोमवारी मी एकटाच येऊन फळ्यावर त्याच्या स्वागताच्या चार ओळी लिहिल्या, चंद्रावरून गोटे घेऊन येणाऱ्या मित्राच्या. तुम्ही वाचून "वा, सर" म्हणालात. किसन शिपाई म्हणाला, "लय भारी लिव्हलं, सर," आणि पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही. मला वाटलं, विसरला असेल.

का? मला एवढंच विचारायचंय, का? कविता वाचणारा माणूस कच्चा असतो असं कोणी सांगितलं तुम्हाला? अहो, आई मेलेल्या लेकराची कविता शिकवताना अख्खा वर्ग रडायचा, आणि मी हातात खडू घेऊन कोरड्या डोळ्यांनी पुढची ओळ वाचायचो. वाचावीच लागायची. शाळेत मरण मी दर वर्षी शिकवलंय. मुरलीचं मरण मला झेपलं असतं. त्याच्या उशाशी बसून झेपलं असतं. त्यानं मला बसू दिलं नाही. माझ्यावर इतकं प्रेम, आणि भरवसा एवढासाही नाही?

मघाशी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फळ्यावर चार ओळी लिहा ना." मी नाही म्हटलं. वहिनी, राग मानू नका. मला जे माहीतच नाही त्यावर मी यापुढे लिहिणार नाही.

मुरली, माझा नमस्कार घे. रागावलेल्या माणसाचा आहे, पण पुरा आहे.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. आणि वहिनी, शांतता संपली की मी तुमच्याजवळ येऊन बसणार आहे. शेवटच्या दिवसांत त्याला किती दुखलं, तो काय बोलला, घाबरला का, माझं नाव काढलं का, हे सगळं मला सांगा. नाव काढलं नसेल तर तसं सांगा.

उभे राहू या.